नागपूरच्या वावरात घरचे आलू: लावणीपासून वाळवणापर्यंत

नागपुरात आलू लावायचा विचार असेल तर कॅलेंडर मार्चपासून उलटं वाचायला घ्या. मार्च लागला की इथली माती तापते, दुपारचा पारा पस्तिशी गाठतो आणि जमिनीत राहिलेला आलू पोसत तर नाहीच, उलट डोळ्यांपाशी काळा पडून आतून कुजायला लागतो. म्हणजे फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सगळा आलू जमिनीबाहेर यायला हवा. तिथून नव्वद-शंभर दिवस मागे गेलं की नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा येतो. लावणी तेव्हाच करायची. नवखा माणूस बियाणं हाती येईल तेव्हा लावतो आणि पाला सुकेल तेव्हा खणतो. हिवाळा लांबणाऱ्या मुलखात हे चालून जातं. आपला हिवाळा तेवढा लांबत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. कळमन्याच्या बाजारात उत्तर प्रदेशातला आलू ट्रकांनी उतरतो, शेजारच्या छिंदवाड्याकडेही तो मोठ्या प्रमाणात पिकतो. भावात त्यांच्याशी टक्कर घ्यायला जाऊ नका. विहिरीला पाणी आहे, सोयाबीन निघाल्यावर दोन-चार गुंठे मोकळे आहेत, आणि घरच्या खाण्यापुरता, लेकीकडे एखादी चुंगडी पाठवता येईल एवढा आलू काढायचा आहे, अशा घरांसाठी हे लिहितो आहे. एकरांनी लावणाऱ्याचं गणित वेगळं असतं.

जागा कोणती धरायची

आपल्याकडे एकाच शिवारात दोन-तीन तऱ्हेची जमीन सापडते. कन्हान-पेंचच्या काठची किंवा नाल्याकडेची पोयट्याची जमीन आलूला सगळ्यात बरी, कारण ती भुसभुशीत असते आणि पाणी धरून ठेवूनही साचू देत नाही. मुरमाड हलकी जमीनही चालते, फक्त शेणखत आणि पाणी जास्त मागते. अडचण भारी काळ्या जमिनीची, आणि बहुतेकांच्या वाट्याला तीच आलेली असते. ओली असली की चिकटते, सुकली की फाटते. पाणी तुंबलं की बियाणं सडतं, आणि भेगा पडल्या की पाकोळीला, म्हणजे आलू पोखरणाऱ्या पतंगाच्या अळीला, आलूपर्यंत सरळ वाट मिळते. तरीही काळ्या जमिनीत आलू होतो. वरंबे उंच हवेत, खत भरपूर हवं आणि पाणी थोडं थोडं पण वेळच्या वेळी.

गेल्या दोन-तीन हंगामांत वांगी, टमाटे किंवा मिरची घेतलेली जागा टाळा. ही सगळी आलूच्याच कुळातली, त्यामुळे मर आणि करप्याचे रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातात. भिवापूर-कुहीकडे, जिथे मिरची घराघरात आहे, तिथे अशी जागा शोधायलाच वेळ लागतो; मग वावराचा तुरीकडचा किंवा धुऱ्यालगतचा कोपरा धरा. सोयाबीन किंवा उडीद निघालेली जागा मिळाली तर दुसरं काही पाहू नका. दसऱ्याच्या आगेमागे ती मोकळी होते आणि मशागतीला महिनाभर हाती राहतो.

नांगर वीतभर खोल घाला आणि मग वखराच्या दोन-तीन पाळ्या द्या. ढेकूळ राहिलं तर आलू वेडावाकडा पोसतो. शेवटच्या पाळीआधी गुंठ्याला दोन क्विंटल शेणखत पसरा, पण ते पूर्ण कुजलेलं, हातात घेतल्यावर वास न येणारं असू द्या. कच्च्या शेणाबरोबर मुळं खाणारी हुमणी अळी येते.

राखेबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण जुन्या घरांमध्ये चुलीची राख आलूच्या सरीत घालायची पद्धत होती आणि आता सेंद्रियच्या नावाखाली ती पुन्हा सांगितली जाते. राखेत पालाश असतं आणि आलूला पालाश लागतं, इथपर्यंत खरं आहे. पण राख मातीचा सामू (pH) वाढवते. आपली काळी माती मुळातच चुनखडीची, सामू साडेसात-आठच्या घरातला. त्यात टोपल्यांनी राख ओतली की सालीवर खरबरीत खवले धरतात. तोच खवड्या रोग. आलू खाता येतो, पण सोलताना निम्मी साल खरवडावी लागते आणि तो नीट टिकतही नाही. राख हलक्या लाल मातीत घाला. काळ्या मातीत ती बियाण्याच्या कापलेल्या फोडींना चोळण्यापुरतीच ठेवा.

रासायनिक खत देणार असाल तर राज्यात हेक्टरी १०० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि १२० किलो पालाश अशी मात्रा धरतात. गुंठ्याच्या हिशेबात ते युरिया साधारण सव्वादोन किलो, सिंगल सुपर फॉस्फेट पावणेचार किलो आणि म्युरेट ऑफ पोटॅश दोन किलो होतं. युरियाचा निम्मा वाटा लावणीला, उरलेला एक महिन्याने झाडाला मातीची भर देताना. बाकी सगळं लावणीलाच. माती तपासून घेतली असेल तर त्या अहवालाप्रमाणे यात कमी-जास्त करा.

बियाणं: इथे पैसे वाचवू नका

बाजारातला खायचा आलू आणून लावायचा मोह सगळ्यांना होतो. नका करू. त्याची जात माहीत नसते, तो किती हंगाम जुन्या बियाण्याचा आहे ते माहीत नसतं, आणि शीतगृहात कोंब येऊ नयेत म्हणून त्याच्यावर औषध मारलेलं असेल तर तो उगवतही नाही. प्रमाणित बियाणं बहुतेक पंजाब आणि पश्चिम उत्तर प्रदेशातून येतं. तिकडे थंडीच्या सुरुवातीला मावा या रस शोषणाऱ्या किडीचा उपद्रव कमी असतो आणि मावाच विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो, म्हणून स्वच्छ बियाणं तिथे तयार करता येतं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच बियाणेवाल्याकडे नाव लिहून ठेवा. दिवाळी तोंडावर आली की उरलंसुरलंच मिळतं.

जाती सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेच्या, त्यामुळे जवळजवळ प्रत्येकीच्या नावापुढे कुफरी लागतं. नागपूरसाठी माझा कल कुफरी सूर्याकडे आहे. ती उष्णता सहन करणारी म्हणूनच काढलेली जात आहे. रात्री थोड्या उबदार असल्या तरी आलू धरते, आणि आपल्याकडे नोव्हेंबरचा भरवसा नसतो. कुफरी लवकर नावाप्रमाणे अडीच-पावणेतीन महिन्यांत येते आणि चिप्सला चांगली. कुफरी पुखराज भरघोस येते, लवकरही येते, पण ती पाणचट असते आणि घरात फार टिकत नाही. एप्रिलपर्यंत ठेवायचा विचार असेल तर सगळं वावर पुखराजने भरू नका. कुफरी ज्योती सगळीकडे चालते, भाजीला चवदार, पण पाणी कमी-जास्त झालं की तिला भेगा पडतात. लाल सालीची कुफरी सिंदुरी टिकायला उत्तम, मात्र ती उशिरा तयार होते आणि आपल्या थंडीत तिचे दिवस भरत नाहीत.

किती आणायचं? दोन ओळींत ६० सेंटिमीटर आणि दोन झाडांत २० सेंटिमीटर अंतर धरलं तर गुंठ्यात साडेआठशेच्या आसपास झाडं बसतात. तीस ग्रॅमचा एक याप्रमाणे गुंठ्याला पंचवीस किलो बियाणं लागतं. म्हणजे पन्नास किलोच्या एका कट्ट्यात दोन गुंठे. पहिल्या वर्षी बियाण्याच्या सहा-आठ पट आलू निघाला तर समाधान माना.

शीतगृहातून आलेलं पोतं त्याच दिवशी उघडून लावू नका. आधी सावलीत ठेवून घरच्या हवेवर येऊ द्या, अंगावरचं दव सुकू द्या. मग ओसरीत, उजेड येतो पण ऊन येत नाही अशा जागी टाटीवर किंवा उथळ टोपल्यांत एकेरी थरात पसरा. दहा-पंधरा दिवसांत आखूड, जाड, हिरवट-जांभळे कोंब फुटतात. हेच हवेत. अंधारात ठेवलेल्या पोत्यातून लांब, पांढरे, लोंबणारे कोंब येतात आणि ते हात लावताच तुटतात. पसरलेल्या आलूत एखादा मऊ, ओला किंवा कोंबच न फुटलेला दिसला तर तो तिथेच बाजूला काढा.

अंड्याएवढा आलू सगळाच लावा. मोठा असेल तर शेंड्याकडून बुडाकडे उभा कापा, कारण जोमदार डोळे शेंड्याकडे असतात आणि आडवा कापला तर खालच्या फोडीला ते मिळत नाहीत. प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे आणि पंचवीस-तीस ग्रॅम वजन असू द्या. कापताना आत तपकिरी कडं दिसलं तर तो बांगडी रोगाचा आलू आहे. तो फेका, सुरी उकळत्या पाण्यातून काढा आणि मगच पुढचा कापा. फोडी कापल्या कापल्या मातीत घालू नयेत. राख चोळून किंवा मँकोझेब या बुरशीनाशकाच्या द्रावणात (१० लिटर पाण्याला २५ ग्रॅम) दहा मिनिटं बुडवून दोन-तीन दिवस सावलीत पसरा, वर ओलसर पोतं झाका. कापलेल्या जागेवर साल धरली की लावणीला तयार.

लावणी

आधी वावर ओलवून घ्या आणि वाफसा येऊ द्या, म्हणजे माती ओलसर पण न चिकटणारी होऊ द्या. कोरड्या काळ्या मातीत आलू लावून वरून पाणी सोडलं तर माती दगडासारखी बसते आणि कोंब वर येत नाही.

दोन फुटांवर सऱ्या पाडा. वरंब्यावर वीतभर अंतराने कोंब वर करून आलू ठेवा आणि वर चार बोटं माती ओढा. हलक्या जमिनीत थोडं खोल, भारीत थोडं वर. नोव्हेंबरच्या सुरुवातीला दुपारी अजून चटका असेल तर वरंब्यावर तणसाचा पातळ थर टाका. माती थंड राहते आणि पुढे तणही कमी होतं. मौदा-रामटेककडे धानाची तणीस फुकटच मिळते.

ऑक्टोबरच्या मध्यात लावून पाहू का, असं विचारलं जातं. कॅलेंडर पाहण्यापेक्षा रात्री अंगणात उभे राहून पाहा. आलू धरायला रात्रीचं तापमान वीस अंशांच्या खाली यावं लागतं. ऑक्टोबरात आपल्याकडे ते वीसच्या आसपास घुटमळतं आणि नोव्हेंबरात पंधरा-सोळावर येतं. लवकर लावलेलं पीक पाला छान करतं, जमिनीत मात्र गोट्या धरते. शिवाय त्या उबेत फुलकिडे आणि कोळीही मागे लागतात.

पाणी आणि भर

बाकी सगळं जमलं आणि पाणी चुकलं तर पीक जातं. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचं सांगणं असं: “आलूले पानी पाजा, त्याची आंघोय नका करू.” सरीत पाणी सोडलं की ते वरंब्याच्या अर्ध्या-पाऊण उंचीपर्यंतच यावं. माथा बुडता कामा नये; ओल खालून वर चढली पाहिजे.

लावणीनंतर पाच-सात दिवसांनी पहिलं हलकं पाणी. मग हलक्या जमिनीत सहा-आठ दिवसांनी, काळ्या जमिनीत दहा-बारा दिवसांनी. पण दिवस मोजण्यापेक्षा वरंब्यात बोट घाला. दोन पेरांखाली माती गार लागली तर थांबा. लावणीनंतर पंचविसाव्या-तिसाव्या दिवशी जमिनीत धागे सुटून त्यांच्या टोकाला आलू धरतात, आणि पंचेचाळीस ते पासष्ट दिवसांत ते फुगतात. या दोन वेळी ताण पडू देऊ नका. ताण देऊन मग एकदम भरपूर पाणी दिलं तर आलूला भेगा पडतात, अंगाला दुसरी गाठ फुटते किंवा पोटात पोकळी राहते. पंपाची वीज रात्रीची असेल तर हे सगळं डिसेंबरच्या थंडीत, टॉर्च घेऊन करावं लागतं. दोन-चार गुंठ्यांना ठिबकची एक नळी टाकणं त्यापेक्षा सोपं आहे, आणि त्याने परंपरा काही बुडत नाही.

झाडं वीतभर झाली, म्हणजे महिन्याच्या सुमाराला, तण काढून उरलेला युरिया द्या आणि कुदळीने दोन्ही बाजूंची माती ओढून झाडाला भर घाला. वरंबा पाऊण-एक फूट उंच झाला पाहिजे. हे काम पुढे ढकलू नका. आलू खोडाच्या खालच्या भागातून सुटणाऱ्या धाग्यांना धरतो, त्यामुळे खोडाभोवती मोकळी माती जितकी, तितकी त्याला जागा. आणि उघड्या पडलेल्या आलूवर ऊन पडलं की तो हिरवा होतो. हिरव्या भागात सोलॅनिन हे विषारी द्रव्य तयार होतं, ते शिजवल्याने जात नाही. पंधरा दिवसांनी वावरात एकदा फिरून उघडे आलू पुन्हा मातीने झाका.

फुलं आली नाहीत म्हणून घाबरू नका. आपल्या लहान दिवसांच्या हंगामात काही जातींना फुलं फारशी येतच नाहीत. फुलाचा आणि जमिनीतल्या आलूचा संबंध नाही. शंका असेल तर साठ दिवसांनी एका झाडाच्या कडेची माती हाताने उकरून पाहा आणि परत झाका.

करपा, पाकोळी आणि डुकरं

डिसेंबर-जानेवारीत आभाळ दोन-तीन दिवस भरून राहिलं, सकाळी धुकं धरलं की पानांच्या खाली पाहत जा. पानाच्या टोकाकडून पाणथळ, काळपट डाग आणि खालून पांढरी बुरशी दिसली तर तो उशिरा येणारा करपा. आठवड्यात वावर करपवून टाकतो. आभाळ भरतानाच मँकोझेब (१० लिटरला २५ ग्रॅम) फवारा, डाग दिसण्याची वाट पाहू नका. सेंद्रिय पद्धतीत चालणारं हवं असेल तर मोरचूद आणि चुन्याचं एक टक्का बोर्डो मिश्रण. जुन्या पानांवर गोल, वलयं असलेले तपकिरी डाग म्हणजे लवकर येणारा करपा. तो हळू पसरतो. जानेवारी-फेब्रुवारीत विदर्भात गारपीट होते, तिच्यापुढे इलाज नाही. पाला फाटला तरी खालचे आलू साठ-सत्तर दिवसांचे झाले असतील तर घरापुरतं निघतं.

पाकोळी हा खरा चोर. ती लहान राखाडी पतंग असते, पानांवर अंडी घालते, आणि अळी भेगांतून आलूत शिरून बोगदे करते. वावरात तिच्यावर औषध मारण्यापेक्षा भर आणि ओल सांभाळली की अर्धी लढाई जिंकली. उरलेली लढाई साठवणीत होते.

रानडुकरांना आलूचा वास लांबून येतो. जंगलालगतच्या गावात असाल, पारशिवनी-रामटेककडे तर विशेष, तर कुंपणाचा किंवा जागलीचा विचार लावणीआधीच करा. एका रात्रीत कळप गुंठाभर वावर नांगरून जातो. तारेत मात्र वीज सोडू नका. तो गुन्हा आहे आणि त्यात शेजारच्याच शेतकऱ्याचा जीव जातो.

काढणी

लावणीला ऐंशी-पंच्याऐंशी दिवस झाले की पाणी बंद करा. आठ-दहा दिवसांनी पाला जमिनीलगत विळ्याने कापून वावराबाहेर न्या. पाला हिरवा असला तरी कापा. आता लगेच खणायचं नाही. दहा-बारा दिवस आलू जमिनीतच राहू द्या. या काळात साल घट्ट होते. एक आलू काढून अंगठ्याने जोरात चोळा. साल सुटली तर अजून थांबा, न सुटली तर कुदळ काढा. ज्याची साल सुटते तो आलू महिनाभरही टिकत नाही, मग तुमची साठवणीची जागा कितीही चांगली असो.

सकाळी खणायला घ्या. कुदळ झाडाच्या बुडापासून वीतभर दूर घाला आणि माती उलटी करा. ऊन चढायच्या आत आलू गोळा करून सावलीत न्या. फेब्रुवारीच्या दुपारच्या उन्हात दोन तास पडलेला आलू वरून धड दिसतो आणि आठवड्यात आतून काळा पडतो. रात्री वावरात ढीग सोडू नका, पाकोळी रात्रीच अंडी घालते. आणि हे विशेष लक्षात ठेवा: ढिगावर आलूचाच कापलेला पाला झाकायची चूक बरेच जण करतात. त्या पाल्यातल्या अळ्या पाला सुकताच खाली आलूत उतरतात.

आलू धुवायचे नाहीत. चिकटलेली माती सुकल्यावर हाताने झाडा.

साठवण

आधी दहा-पंधरा दिवस ढीग सावलीत, हवेशीर जागी, कोरड्या तणसाखाली ठेवा. खणताना लागलेले लहान ओरखडे या काळात भरतात. मग निवड करा. कुदळ लागलेले आधी खायला, हिरवे फेकायला, छिद्र दिसणारे जाळायला किंवा खोल पुरायला, सुपारीएवढे आख्खे मसाल्यात करायला. साठवायचा तो फक्त धड, कोरडा, मध्यम आलू.

ठेवलेला आलू जिवंत असतो. तो श्वास घेतो, ऊब सोडतो, पाणी सोडतो. त्याला अंधार, गारवा, थोडी दमट हवा आणि खेळता वारा लागतो. शीतगृहात दोन ते चार अंशांवर तो महिनोन् महिने झोपून राहतो. आपल्याकडे एप्रिलात चाळीस आणि मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंश असतं. तेव्हा घरच्या साठवणीतून वर्षभराची अपेक्षा धरू नका. फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलअखेर नीट टिकवता येतो, मे महिना निगुतीने काढता येतो, आणि मृग लागायच्या आत कोठी रिकामी झालेली बरी. दोन महिन्यांत वजनात दहाएक टक्के तूट धरूनच चाला.

थोडा आलू असेल तर घरातली उत्तरेची, मातीच्या भिंतीची खोली सगळ्यात चांगली. जमिनीपासून हातभर उंच बांबूचं माचाण करा, त्यावर टाटी, आणि टाटीवर घाणेरीच्या किंवा कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्याचा बोटभर थर. त्यावर आलू, फार तर फूटभर जाडीत, आणि वर पुन्हा तसाच पाला. पाकोळी या पाल्याच्या वासाला टाळते. हा जुना उपाय आहे आणि शास्त्रज्ञही तो सुचवतात. घाणेरी आपल्याकडे प्रत्येक पांदणीत माजलेली असते, तेवढा तिचा उपयोग. खिडकी रात्री उघडी, सकाळी आठला बंद. बाहेरचा गारवा आत घ्यायचा आणि दिवसभर कोंडून ठेवायचा.

कांदा त्याच खोलीत ठेवू नका. स्वयंपाकघरात दोघांची टोपली एकच असते, पण कांद्याला कोरडी हवा लागते आणि आलूला दमट. एकाच्या सोयीने ठेवलं तर दुसरा बिघडतो.

पाच-दहा क्विंटल असेल तर पुणे जिल्ह्यात, मंचरकडे, झाडाखाली झाकलेल्या ढिगाची अरण लावतात तशी लावता येते. दाट सावलीच्या आंब्याखाली किंवा चिंचेखाली, पाणी न साचणारी उंच जागा निवडा. खाली वाळलेला पाला, त्यावर छातीपेक्षा कमी उंचीचा लांबट ढीग. ढिगात मधोमध दर चार-पाच फुटांवर तुराट्यांची सैल जुडी उभी करा, तिच्यातून आतली ऊब बाहेर पडते. वर फूटभर तणीस. कुटार (भुसा) वापरू नका. ते बारीक असल्याने दबून बसतं आणि हवा कोंडते. ढिगाभोवतीच्या जमिनीवर संध्याकाळी पाणी शिंपा, ढिगावर नाही. आठ-दहा दिवसांनी तणीस बाजूला करून हात घाला. आत गरम लागलं किंवा आंबूस वास आला तर ढीग मोडा, सडका आलू शोधून काढा आणि पुन्हा रचा. एक सडका आलू सोडून दिला तर आजूबाजूचे टोपलीभर घेऊन जातो.

तिसरा मार्ग विटांच्या गार कोठीचा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ती सुचवली. झाडाच्या सावलीत विटांच्या दोन भिंती, मधे तीन इंचांची फट, फटीत नदीची वाळू. वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवायची, वर खसाचं किंवा तणसाचं झाकण. कूलर ज्या नियमावर चालतो त्याच नियमावर ही चालते, म्हणून नागपूरच्या कोरड्या एप्रिल-मे महिन्यात ती सर्वांत चांगलं काम करते. आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी उतरू शकतं. पावसाळी दमट हवा आली की तिचा उपयोग संपतो. आलू क्रेटमध्ये ठेवा, वाळूला टेकू देऊ नका.

आणि घरचा आलू पुढच्या नोव्हेंबरात बियाणं म्हणून वापरायचं मनातून काढून टाका. फेब्रुवारीत निघालेला आलू दीड-दोन महिन्यांत झोपेतून उठतो, मे महिन्यात कोंब टाकतो आणि पोळ्यापर्यंत त्याची सुरकुतलेली साल उरते. शीतगृहात ठेवला तरी माव्याने आणलेले विषाणू त्यात असतातच, आणि दरवर्षी पीक घटत जातं. बियाणं दरवर्षी नवं घ्या.

उरलेल्याचं वाळवण

होळीनंतर कोठीत महिन्याभराच्या भाजीपेक्षा जास्त आलू दिसला तर तो जपत बसू नका, वाळवा. कोठीत आलू सडवणारं ऊन गच्चीवर मात्र दीड-दोन दिवसांत चिप्स कडक करून देतं. आलूत जवळपास ऐंशी टक्के पाणी असतं, त्यामुळे पाच किलोतून साधारण एक किलो वाळवण हाती येतं आणि ते डब्यात वर्षभर राहतं.

चिप्ससाठी आलू सोलून किसणीने थेट पाण्यात काप पाडा. दोन-तीन पाणी बदला, पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत. तो पिठूळपणा राहिला तर काप एकमेकांना चिकटतात. रात्रभर पाण्यात ठेवून पहाटे मीठ आणि तुरटीचा लहान खडा फिरवलेल्या उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं टाका. काप वाकला पाहिजे, तुटता कामा नये. निथळून सुती लुगड्यावर एकेक सुटा पसरा. पापडाला आणि साबुदाण्याच्या चकल्यांना उकडलेला आलू लागतो, तिथे मोडके, ओबडधोबडही चालतात.

यात घरच्या आलूचा एक फायदा आहे. शीतगृहाच्या थंडीत आलूतल्या स्टार्चची साखर होते आणि असे चिप्स तळताना तपकिरी पडतात. घरच्या कोठीतला आलू तेवढा गार कधी झालेलाच नसतो, म्हणून त्याचे चिप्स पांढरे उमलतात. वाळवण मार्च-एप्रिलात उरका. मे महिन्यात दुपारची वावटळ सुटली की सगळ्यावर धूळ बसते.

आलू निघालेल्या जागी राहिलेले बारीक आलू वेचून घ्या, नाहीतर पुढच्या हंगामात तेच उगवून रोग धरून ठेवतात. पाणी असेल तर तिथे उन्हाळी मूग टाका. नसेल तर खोल नांगरून मे महिनाभर तापू द्या. पुढची दोन-तीन वर्षं तिथे आलूही नको आणि वांगी-मिरचीही नको. पुढच्या नोव्हेंबरसाठी कोणता तुकडा धरायचा ते पेरणीआधीच ठरवा, म्हणजे तिथे लवकर येणाऱ्या जातीचं सोयाबीन टाकता येईल.